मंगलाष्टकाचं डावं पान

नाशिकरोड,
२३ एप्रिल १९९८

ती. दाजींस,

रंगनाथचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठणठणीत आहोत (माझी मान सोडून, ती लिहून लिहून आखडली आहे). इगतपुरीला उन्हाळा तरी सोसवतो ना? तुमचे गुडघे काय म्हणतात? अक्काला सांगा, लेकीची काळजी करू नको. मंजू मजेत आहे, आजारी पडलाच तर तिचा मामा पडेल.

कारण तुम्ही तिच्या लग्नासाठी सांगितलेलं मंगलाष्टक. ऑफिसात मसुदे करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, म्हणून मी फुशारकीनं हो म्हणालो. पण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावं त्यात आलीच पाहिजेत, ही तुमची अट भारी पडली. एकाला आत घेतलं की दुसरा ओळीबाहेर लोंबकळतो. शेवटी वाचनालयातल्या भारतरावांनी उपाय सांगितला, की अडलं की थांबायचं, आणि आपण का अडलो ते मोकळेपणानं लिहून काढायचं, म्हणजे डोकं साफ होतं. मग मी खताच्या दुकानाची फुकट आलेली डायरी घेतली. उजव्या पानावर मंगलाष्टक, डाव्या पानावर अडचणी. मंगलाष्टक रोज खोडून खोडून आक्रसत गेलं आणि अडचणी उसासारख्या फोफावल्या. (आमची सौ. साधना म्हणाली, हेच कष्ट ऑफिसात केले असतेत तर एव्हाना हेडक्लार्क झाला असतात. तिचं म्हणणं मी डाव्या पानावर नोंदवलं.)

परवा तालीम ठेवली. म्हणणार आमच्या शेजारच्या लताबाई. गल्लीतली सगळी लग्नं त्यांच्याच गळ्यानं लागतात. बाईंचा आवाज खणखणीत, पण त्यांचं सगळं लक्ष चालीकडे. शब्द कुठले आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यात नेमक्या तुमच्या भगिनी चिमणाबाई शालू बघायला सायखेड्याहून आलेल्या. लताबाईंनी उजवं पान म्हटलं, पान उलटलं आणि न थांबता पुढचं डावं पानही त्याच चालीवर सुरू केलं. "चिमणाबाईंचं नाव कुठंही घातलं तरी ओळ मोडते, नाही घातलं तर लग्न मोडेल," हे त्यांनी इतकं लांबवून आळवलं, की मला खाटेखाली शिरावंसं वाटलं. चिमणाबाई पिशवी उचलून उठल्याच.

पण लताबाई थांबतात कुठल्या! पुढे मी लिहिलं होतं, की मला खरं तर कोणाचंच नाव घालायचं नाही. कॉलेजपुरती आलेली ही पोर माझ्या घरचीच होऊन बसली. आता ती गेल्यावर सकाळचा पेपर माझ्याआधी कोण पळवणार, कोडं अर्धं सोडवून मला कोण चिडवणार, एवढंच मला लिहायचं आहे, आणि तेच नेमकं चालीत बसत नाही. लताबाईंनी ते बसवलं, आणि वर "कुर्यात् सदा मंगलम्"ही म्हणून टाकलं.

मंजू मेथी निवडत होती, ती जुडी तशीच हातात धरून दारात उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. चिमणाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हेच म्हणा लग्नात. माझं नाव नाय आलं तरी चालंल."

अक्काला नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. चिमणाबाईंची एक अट सांगायची राहिली. भावाचंही नाव गाळलं तरच माझं गाळा, असं त्या जाताना बजावून गेल्या. तेव्हा दाजी, तुमचं नाव काढायला उलट टपाली परवानगी द्यावी. पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. २. परवानगी द्यायची नसेल तर उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. लताबाईंचं बिननावांचं तेवढंच पाठ झालं आहे.

ता. क. ३. आज सकाळी मंजूनं पेपर हात न लावता माझ्या खुर्चीवर ठेवला होता. मला तो उघडवेना. गुपचूप तिच्या उशाशी ठेवून आलो.