खुंटीवरचं खोगीर

प्रिय जुमाताय, माझ्या बालमित्रा,

आज पहाटे जाग आली ती 'ठो!' अशा आवाजाने. आवाज आजचा नव्हता, साठ वर्षांपूर्वीचा होता. तुझ्या वडिलांची दुनळी, शू नदीकाठची लव्हाळी आणि घाबरून उडालेली बदकं (त्यांतलं एकही पडलं नाही, पडलास तो तू, चिखलात). तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईंचा खोकला? नवे दात बसले का? इथे गुरंढोरं ठीक, आणि त्यांच्यात धरून मीही ठीक. फोन करत नाही, कारण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर खोटं बोलता येत नाही.

माझी नात, कामशात, देशाकडून खेळायला गेली आहे हे तुला ठाऊकच आहे. साऱ्या आशियाच्या क्रीडास्पर्धा, त्यात बायकांची ट्रॅप नेमबाजी. खंदकातून मातीची तबकडी भिरकावतात, ती पडायच्या आत बंदुकीने फोडायची. पहिल्या दिवशी पंचाहत्तर, दुसऱ्या दिवशी पन्नास, मग वरच्या सहाजणींची अंतिम फेरी. मी सोबत का गेलो नाही म्हणशील, तर वसंतात तिच्या सरावाला गेलो होतो. तिथे नेमबाजाने हाक दिली की ती मायक्रोफोन ऐकतो आणि यंत्र तबकडी सोडतं. मला काय ठाऊक! आभाळातून करकोच्यांची रांग चालली होती, मला चौथीतली करकोच्यांची कविता आठवली (तू तिसऱ्या कडव्याला अडकून मार खायचास ती), आणि मी पहिली ओळ खड्या आवाजात म्हटली. तबकडी उडाली. दुसरी ओळ, दुसरी तबकडी. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत असा लक्ष देणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. कामशातने बंदूक खाली केली आणि आपल्या आजोबाला म्हणाली, "अता, कविता संपली की सांगा, मग मी खेळते." तेव्हापासून मी घरून पाठिंबा देतो.

तर परवा दुपारी शेजारची झाउरेश फोन नाचवत अंगणात आली. "सुयुंशी, अता, सुयुंशी!" आता शुभवार्ता आणून सुयुंशीचं बक्षीस मागणारीला रिकाम्या हाती पाठवायला मी काय शहरात राहतो? (तुला नाही म्हणत.) म्हटलं, "हवं ते घे पोरी, पण लवकर बोल!" ती म्हणाली, "कामशात पहिली आली!" तुझी रिस्तीवहिनी रडली, मी रडलो, चूल विझली. झाउरेशने भिंतीकडे बोट केलं. "मग ते घेते."

भिंतीवर काय होतं ते तुझ्याहून जास्त कुणाला माहीत? तुझ्या वडिलांचं चांदीजडित खोगीर. तुझ्या फ्लॅटमध्ये मावेना म्हणून माझ्या खुंटीवर ठेवलेलं.

संध्याकाळी झाउरेशनेच फोनवरची गुणांची यादी नीट पाहिली. ती पहिल्या दिवसाची होती! पन्नास तबकड्या आणि अंतिम फेरी अजून बाकी. मी हळूच म्हटलं, "मग ते खोगीर..." तर म्हणते, "आज पहिली होती की नव्हती? यादी खोटी आहे का?" रिस्तीने मला डोळ्यांनीच गप्प केलं. दिलेली सुयुंशी परत मागणाऱ्याला उद्या गावात सलाम कोण करेल? अंतिम फेरी काल झाली. पण कालच वाऱ्याने टॉवर पाडला, फोन मुके झाले, आणि पोरीचं काय झालं ते या गावात कुणालाच ठाऊक नाही.

तुझा चिखलातला सोबती,
सार्सेनबाय

ता. क. बाकी विशेष काही नाही. फक्त एवढं लिहून पाठव की ते खोगीर तू मला तीन वर्षांपूर्वीच कायमचं दिलं होतंस. तारीख जुनी घाल.

ता. क. आणखी एक. फाटकापाशी गाडी थांबली. काठी टेकत कोण उतरतंय बघतो तर तू! तीन वर्षं गुडघ्यांच्या सबबी सांगणारा तू! आणि तिथूनच ओरडतोयस, "सार्सेनबाय! अरे म्हाताऱ्या घुबडा! ताराझहून तुझ्या नातीची बातमी आणलीय! सुयुंशी! आधी काय देतोस ते बोल!" माझ्या तोंडून जुन्या खोडीने गेलंच, "हवं ते घे!"

आता तू उंबऱ्यावर बसून बूट काढतोयस (वेळ लागतोय, अल्ला त्या गुडघ्यांचं भलं करो) आणि रिस्तीला सांगतोयस, "वहिनी, या कवडीचुंबकाकडून मला दुसरं काही नको. आलोच आहे तर माझं खोगीर तेवढं घेऊन जातो."

एक बूट निघाला.