तिसरी पिवळी चिठ्ठी

सर्जापूर रोड, बेंगळुरू
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. परसूअण्णांस, धाकट्या चंपाचा शि. सा. न.

पत्रास कारण तुझी पोरगी. ती बरी आहे, आधी एवढं वाच आणि मग दम घे. फोन करून उपयोग नाही. मी इकडून ओरडते, तू तिकडून कोण कोण म्हणतोस, आणि आमची सगळी बिल्डिंग आपल्या घरच्या गोष्टी ऐकते.

शिवलीला इथं माझ्याकडे आल्यापासून शाळेच्या संघात पळते. आठशे मीटर, मैदानाला दोन वेढे. गावात तुझी भाकरी घेऊन शेतावर पळायची तेच, फक्त इथं पायात बूट आहेत आणि हातात भाकरी नाही.

पण इथं नुसतं पळून चालत नाही. खेळाच्या नियमांचं चोवीस पानांचं पुस्तक आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातलं फक्त शाळेचं चित्र कळलं. बाकीचं शिवलीलानं तीन संध्याकाळी वाचून सांगितलं. दहातले नऊ सराव झालेच पाहिजेत. गणितात नापास तर पळणं बंद. डॉक्टरचा दाखला, झोपायची वेळ, पाण्याची बाटली, सगळं लिहिलंय. संघातल्या प्रत्येक पोराला पळायला मिळालंच पाहिजे, मग संघ जिंको की हरो. हे मला पटलेलं नाही, पण मला विचारतो कोण?

सगळ्यात वाईट नियम चौदाव्या पानावर आहे, आणि तो पोरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. शर्यतीत घरच्यांनी ओरडायचं नाही, सरांशी भांडायचं नाही, पोरांना त्रास होईल असं काही करायचं नाही. टाळ्या वाजवायच्या. चुकलं की घराला पिवळी चिठ्ठी. वर्षात तिसरी चिठ्ठी आली की पोरानं पुढच्या शर्यतीला बाकावर बसायचं. गुन्हा आपला, शिक्षा पोराला. असला कसला कायदा?

पहिली चिठ्ठी मला मिळाली आहे. मी चपात्या लाटते त्या शाळेच्या स्वयंपाकघरातून मैदान दिसतं. शुक्रवारी बघते तर शिवलीला बाकावर आणि तिच्या जागी पवित्रा नावाची गुबगुबीत पोर. पळते कसली, देवाला निघाल्यासारखी चाललेली. मी तशीच गेले आणि भीमाचार्य सरांना विचारलं, डोळे घरी ठेवून आलात काय. ते कानडीत म्हणाले, स्वल्प निधान अम्मा, म्हणजे जरा दमानं. चिठ्ठीत लिहिलंय की माझ्या हातात हत्यार होतं. अण्णा, लाटणं होतं!

आता गप्प कसं बसायचं ते तूच सांग. माझा आवाज तुझ्यामुळे असा झाला. नवव्या वर्षी विषमज्वरानं तुझे कान गेले, तेव्हापासून मी ओरडतेच आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, तो शाळूच्या कणसासारखा भरत जावा.

तुझी,
चंपा


बोरवाडी, ता. निपाणी
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चंपास परसूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेतातल्या माळ्यावर बसून वाचलं. शाळू निसवायला आलाय, कणसं बाहेर पडतायत, आता पाखरांशी दोस्ती तुटायचे दिवस. लाटण्याचं वाचून मला इतकं हसू आलं की शेजारच्या बांधावरून लोक बघायला लागले. का बघत होते कोण जाणे.

तुला राग येईल, पण ते पुस्तक मला आवडलं. प्रत्येक पोराला पळायला मिळालं पाहिजे, हा नियम ज्यानं लिहिला त्याला माझा नमस्कार सांग. आपल्या जत्रेत मला कबड्डीत कधी कुणी घेतलं नाही. मला शिट्टी ऐकू यायची नाही. तू तेव्हा सगळ्या पंचांना शिव्या घालत फिरायचीस ते आठवतं. म्हणजे ते लाटणं तुझ्या हातात लहानपणापासून आहे.

तुझी वहिनी म्हणते, पोरगी बाकावर बसली म्हणजे नक्की कुणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाक. सोबत एक पुडी बांधून दिली आहे, घरच्या ब्याडगी मिरच्या आहेत.

शेवटची शर्यत कधी ते कळव. मी येईन म्हणतो. पोरीला मी आजवर फक्त समोरून पळत येताना पाहिलंय, माझी भाकरी घेऊन. ती दुसऱ्या कशासाठी पळते कशी, ते एकदा बघायचं आहे.

माया आहे, ती पत्राला उत्तर देण्याइतकी तरी असू दे.

परसू


सर्जापूर रोड, बेंगळुरू
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

ती. स्व. परसूअण्णांस चंपाचा शि. सा. न.

वहिनीच्या मिरच्या मिळाल्या. मैदानालाही मिळाल्या.

निवड शर्यतीच्या सकाळी मी कपडे बदलायच्या खोलीमागे लोखंडी तवा घेऊन बसले. पोरीवरून ओवाळलं, निखाऱ्यावर टाकलं. वासच येईना! तुला माहीत आहे, वास आला नाही म्हणजे दृष्ट भलतीच जबर. म्हणून मी उरलेली सगळी पुडी ओतली. मग वास आला. बारा पोरं, दोन मास्तर आणि शिट्टी वाजवणारा माणूस असे खोकले की शर्यत पाऊण तास पुढे गेली. दृष्ट सगळ्या शाळेचीच निघाली म्हण. शिवलीला जिंकली, कारण लहानपणापासून आपल्या घरातल्या फोडणीत वाढलेली ती एकटीच होती. मला दुसरी चिठ्ठी.

आता नीट वाच. दहा जानेवारीला शनिवारी शेवटच्या शर्यती आहेत. सकाळी आठशे मीटर, दुपारी रिले. रिलेत चौघी एकामागून एक दांडा घेऊन पळतात आणि शेवटची पाळी शिवलीलाची. त्या रिलेसाठी ती उशाशी दांडा घेऊन झोपते. सकाळी आपल्या घरातून एक हूं जरी निघालं तरी तिसरी चिठ्ठी, आणि दुपारी पोरगी बाकावर.

भीमाचार्य सर वाटतात तेवढे साधे नाहीत. पुस्तकात असंही आहे की प्रत्येक घरानं शाळेसाठी काही तास काम करायचं. त्यांनी मला काम काय दिलं? नारिंगी जाकीट घालून पालकांमध्ये उभं राहायचं, आणि जो ओरडेल त्याला चिठ्ठी द्यायची! चोराच्या हातात किल्ल्या. मला इंग्लिश लिहिता येत नाही, म्हणून मी पोराचं नाव विचारून लिहून घेते आणि खाली उघडं तोंड काढते. पुण्याहून आलेल्या अंजलीबाई आहेत, मोठ्या कंपनीत कामाला, बोलणं अगदी लोण्यासारखं. पोरगा पळायला लागला की त्याच बाई खुर्चीवर चढतात. त्यांचं तोंड मी जरा मोठंच काढलं. हसत हसत घेतली चिठ्ठी. तेव्हापासून मला सकाळचा चहा त्यांच्या थर्मासमधला.

म्हणून सांगते, तू येऊ नको. राग मानू नको, पण हे तुला कुणी सांगितलेलं नाही म्हणून मी सांगते. अण्णा, तुझा आवाज भयंकर आहे. तू माळ्यावरून पाखरं हाकतोस तेव्हा तीन गावांतल्या म्हशी दूध चोरतात. तुला ऐकू येत नाही, आम्हाला येतं. इथं तुझी एक हाक म्हणजे पोरीची रिले गेली.

लोभ आहे, तो या वेळी घरूनच करावा.

चंपा


बोरवाडी
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

चि. सौ. चंपास आशीर्वाद.

मी येणार आहे. नऊ तारखेच्या बसचं तिकीट काढलं.

माझा आवाज मोठा आहे हे खरं काय, म्हणून तुझ्या वहिनीला विचारलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. म्हणजे खरं असावं.

पण उपाय शोधला आहे. नवा पंचा घेतलाय, जाड. शर्यत सुरू झाली की घडी करून तोंडात धरीन. काल म्हशीसमोर करून बघितलं. म्हैस शांत होती.

शेंगा आणतो. बाकी भेटीत.

परसू


सर्जापूर रोड, बेंगळुरू
सोमवार, १२ जानेवारी २०२६

ती. स्व. परसूअण्णांस चंपाचा शि. सा. न.

तू बसमध्ये चढताना इतका हसत होतास की मी गप्प बसले. आता दोन दिवस झाले आणि माझं पोट फुगायला लागलं. तुला त्या दिवशी सगळं दिसलं, पण ऐकू काही आलं नाही. शिवलीलानं सांगू नको म्हणून शपथ घातली आहे. मी काही ती पाळणार नाही.

दुसऱ्या वेढ्याला घंटा वाजते. ती वाजली तेव्हा पोरगी चौथी होती. तिनं मान वळवून आपल्याकडे बघितलं. मला वाटलं, मेली ही, पळताना कुणी बाजूला बघतं काय! ती तुला शोधत होती. तू तोंडात पंचा कोंबून उभा, डोळे बाहेर आलेले, आणि तुझा उजवा हात डोक्यावर गरगर फिरायला लागला, गोफण फिरवतोस तसा. ती तो हात बघून जी सुटली! चौदाव्या पानावर हाताबद्दल काही लिहिलेलं नाही, मी नंतर दोनदा वाचून घेतलं. मी स्वतः जाकिटाची कॉलर दातांत धरली होती. तिला भोकं पडली आहेत.

ती दुसरी आली. पहिलीत आणि तिच्यात अंगठ्याएवढं अंतर.

आणि तू पंचा काढलास.

अण्णा, काय सांगू! समोरच्या सोळा मजल्यांच्या गॅलऱ्यांतली कबुतरं एकदम उडाली. माईकवरचा माणूस बोलायचा थांबला. गेटजवळ झोपलेलं कुत्रं उठून गेलं ते आजपर्यंत परत आलेलं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू सगळ्यांना हात जोडत होतास.

तुला वाटलं शर्यत संपली. संपली नव्हती. शेवटचं पोर रेघ ओलांडेपर्यंत शर्यत चालू, असं पुस्तकात आहे. ती पवित्रा पलीकडच्या वळणावर कमरेवर हात ठेवून थांबली होती, बाहेरच पडणार होती. तुझी हाक ऐकून दचकली, आणि पाखरासारखी निघाली ती थेट रेघेपर्यंत. या वर्षात पहिल्यांदा तिनं दोन्ही वेढे पुरे केले. तिची आई मला मिठी मारून रडली, मी तर तिला ओळखतही नाही.

मग भीमाचार्य सर आले आणि हळूच म्हणाले की काम तुमचं आहे, अम्मा. अंजलीबाई मध्ये पडल्या. आधी इंग्लिशमध्ये भांडल्या, मग हिंदीत, मग त्यांना येते तेवढ्या कानडीत. मी म्हटलं, सरका बाजूला. तुमच्या तोंडाचं चित्र काढताना नियम होता, मग माझा भाऊ आहे म्हणून तो विरघळला काय? आणि चिठ्ठी मी लिहिली. चित्र काढलं नाही. तुझ्या तोंडाला कागद पुरला नसता. मराठीत, माझ्या अक्षरात लिहिली. तीच सोबत पाठवते.

दुपारी शिवलीला तुझ्या शेजारी येऊन बसली. पाळी पवित्राला दिली, प्रत्येक पोराला पळायला मिळालंच पाहिजे, असं तिनं तुला हातांनी सांगितलं, आणि तुला वाटलं, बापाजवळ बसायला आली. तू शेंगा सोलून देत होतास, ती हातांनी तुला एकेक पोर कोण कुठलं ते सांगत होती, दोघं खिदळत होतात. अण्णा, ती शिक्षा भोगत होती. तिची रिले पवित्रा पळाली. आपला संघ शेवटचा आला, तो का ते आता तुला कळलं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, रडू आलं काय. ती म्हणाली, थोडं आलं होतं, पण आत्ती, आठ महिन्यांनी अप्पा शेजारी होता, तेव्हा ते परत गेलं. दांडा तिनं उशाखालून काढून पवित्राला दिलाय. आज सकाळी दोघी सरावाला एकत्र निघाल्या, ही पुढे आणि ती खूप मागे.

आणखी एक. रिलेत पवित्राच्या हातात दांडा पडला, तेव्हा कधी आवाज न चढवणारे भीमाचार्य सर खुर्ची पाडून ओरडले. त्यांनाही मी चिठ्ठी दिली. उघडं तोंड, वर मिशी. त्यांनी ती खोलीत लावली आहे.

आता मला झोप लागेल. लोभ आहे, तो तिसऱ्या चिठ्ठीनंतरही असावा.

चंपा


बोरवाडी
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. सौ. चंपास परसूचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून त्या दिवशी जेवलो नाही. पोरीची रिले गेली, आणि मी मूर्खासारखा शेंगा सोलत बसलो. दुसऱ्या दिवशी आठवलं, बाकावर तिनं हातानं काय काय सांगितलं होतं ते, आणि दोन वेळचं एकदम जेवलो.

तिला सांग, पुढच्या वर्षी पंचा दोन घड्यांचा आणीन आणि रिले संपेपर्यंत काढणार नाही. सगळं संपल्यावर एकदा ओरडायची परवानगी कोणत्या पानावर मिळते, तेवढं तू बघून ठेव.

दुसऱ्या नंबरचं पदक पोरीपाशी असू दे. तुझी चिठ्ठी मी चौकटीत घालून दारासमोर लावली आहे. तुझं अक्षर अजून चौथीतलंच, रेघेवर बसत नाही. पण वाचता येतं. नाव परसू. गुन्हा, फार मोठा आवाज. कबुतरं उडाली. थांबलेली एक पोर धावली.

येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतो. बेचाळीस वर्षांत मला माझा आवाज ऐकू आला नव्हता, चंपा. तुझ्यामुळे वाचायला मिळाला.

माया आहे, ती अशीच लिहून पाठवत जा.

तुझा,
परसूअण्णा