गार अंडं

प्रिय ताई,
तुला नमस्कार, बाबांच्या पायांवर डोकं.

मी ठणठणीत आहे. गोचीड मला चावतात का, असं विचारलं होतंस. पँट मोज्यांत खोचून हिंडतो, त्यामुळे क्वचितच. या बेटावरच्या समुद्रपक्ष्यांना मात्र ते सोडत नाहीत. कड्याच्या भेगांत दबा धरून बसतात आणि पक्षी घरट्यावर बसला की त्याचं रक्त पितात. कुठल्या घरट्याला किती त्रास होतो ते पाहायचं, हेच माझं काम.

आमच्या खोलीसमोर एक जोडी होती. एकाने अंडं उबवायचं, दुसऱ्याने समुद्रावर पोट भरून यायचं, मग पाळी बदलायची. यंदा नराला परतायला फार उशीर झाला. मादीच्या गळ्याभोवती गोचिडांची माळच झाली होती. मी चिमटा घेऊन निघालो, तर आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. आपण नुसतं बघायचं."

मी ऐकलं. काल ती अंडं सोडून उडून गेली. आज सकाळी नर आला आणि त्या गार अंड्यावर मुकाट बसला. अजून बसलाय. मला तिकडे बघवत नाही.

तुझी पाठ कशी आहे? बाबा अजून रात्रभर हाका मारतात का गं? तू नेहमी "सगळं ठीक" एवढंच लिहितेस, आणि मला ते सोयीचं पडत आलं.

बाईंकडे रजा मागितली. काही न विचारता त्या "जा" म्हणाल्या. या बोटीने पत्र येईल, पुढच्या बोटीने मी. मग बाबांजवळ मी बसेन. तू आधी पोटभर झोप.

तुझं शेंडेफळ