शुक्राच्या दोन जावा

आबा, तुमच्या त्या दोन जावा एकच बाई निघाल्या. माझी नात लिहून घेतेय. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहिते, तेवढं चालवून घ्या.

आटपाडीच्या मळ्यात मी शेरडांमागं हिंडायची, दहा-अकरा वर्षांची. तुम्ही बाप, त्यात पलटणीतून आलेले, तुमचा शब्द म्हणजे हुकूम. सांगायचात, "सांजंची चांदणी थोरली, पहाटंची शुक्राची धाकटी." मी विचारलं, "आवं आबा, मग दोघी एका दिवशी कवाच कशा दिसत न्हाईत?" तर म्हणता, "जावा हायत्या त्या. एकमेकीचं तोंड बघत न्हाईत." सगळं घर हसलं. मला काही ते पटेना. जात्यामागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला लागले. दिसली की उभी रेघ, नाही दिसली की आडवी, ढगाच्या दिवसाला ठिपका. सांजेची मावळतीला बुडाली की आठ-दहा आडव्या होतायत न होतायत, तोवर पहाटेची उगवतीला हजर. तीन वर्षांत दोनदा तसंच झालं. मग तुम्ही ती भिंत बघितलीत आणि माझ्याच हातानं शेणानं सारवून घेतलीत. "अक्षर वळखंना, आन् आभाळ वाचाय निघाली!" अक्षर कुणी ओळखू दिलं नाही, तेही सांगायचं होतंत की. भावाला पाटी आणि मला शेरडं, हा हुकूम कुणाचा?

परवा नातीनं कॉलेजातून दुर्बीण आणली. दिवेलागणीला अंगणात म्हणते, "आजे, डोळा लाव." बघते तर चांदणी कुठली, तिजेच्या चंद्रासारखी बारीक कोर! "हा शुक्र. तारा नाही, ग्रह. आपल्या आतल्या रिंगणातून सूर्याभोवती फिरतो. सूर्याच्या या अंगाला असला की सांजेला दिसतो, त्या अंगाला गेला की पहाटे. आता बुडेल आणि थोड्या दिवसांनी पूर्वेला निघेल." मी म्हटलं, "हे मला इचारायचं हुतंस, बये. माझ्याकडं भिंत हुती."

तिला पुण्याला जाऊन हेच शिकायचंय. तर माझा लेक, तिचा बाप, म्हणतो, "पोरीच्या जातीनं रातभर आभाळाकडं तोंड करून बसायचं? लोक काय म्हणतील?" हुबेहूब तुम्ही, नुसत्या मिशा कमी. मी म्हटलं, "बस खाली. तुझ्या आज्यानं मरताना मला सांगितलंय, घरातल्या एका पोरीला तरी आभाळ शिकवा." लेकानं दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही केली. आता गावभर झालंय, म्हातारा लय पुढच्या विचाराचा होता म्हणून. मिरवा.

तुम्ही असलं काही म्हणाला नव्हता. शेवटी पाणी मागितलंत आणि भावाला हाक मारलीत. उशाशी मी होते. खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही, पुन्हा बोलेन. हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून सांगते, लेकाला ते सांगताना घटकाभर माझाच त्यावर विश्वास बसला होता.