जाळायचं घर आणि उघडी खिडकी

डोंबिवली, रविवार, संध्याकाळ

मास्तर टेबलावर छडी आपटत कविता म्हणून घ्यायचे, तो आवाज आज सारखा कानात आहे. नात सईच्या बँडच्या गाण्यात ड्रम तसेच वाजतात. त्यावर ती किंचाळते, ‘जाळा हे घर, पण खिडकी उघडी ठेवा!’ ते ऐकून माझा महेश पोटच्या पोरीला म्हणाला, "मग राहा बाहेरच!" ती बाळकुमला मैत्रिणीकडे निघून गेली.

सकाळी सूनबाईंचा फोन. "अप्पा, तुम्हीच अर्थ सांगा ना यांना."

त्यांनी पाठवलेलं ते गाणं दिवसभर ऐकतोय. डोकं दुखतंय. पण खिडकी? खरंच जाळायचं असेल तर ती उघडी कशाला? परत यायचंय पोरीला, दुसरं काय! पण महेश माझं ऐकेल?

बेल वाजली. दारात महेशच, न कळवता.

"अप्पा, चला ना. तिला आणायला एकट्याने जायचा धीर होत नाही."