चैत्रांगणातलं वाकडं कासव

ती. लीलाताईस, बंगळुरूहून कुमुदचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, गुडघाही फारसा दुखत नाही. मानवतला ऊन वाढलं असेल. तुझं बीपी कसं आहे?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. माझ्या मैथिलीनं तुझ्या चैत्रांगणाचे फोटो मागितले होते ना, मावशीची आठवण म्हणून? काल एका दुकानात स्केटबोर्ड टांगलेले दिसले. त्यांवर तुझंच चैत्रांगण होतं, गौरीच्या पावलांसकट. आपली आई काढायची तसं वाकड्या पायाचं कासवसुद्धा. खाली नाव मैथिलीचं.

चित्र फळीच्या खालच्या बाजूला असतं. पोरं कठड्यावरून घसरली की ते खरवडून निघतं, असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं. ती पावलं आपण कधी ओलांडलीसुद्धा नाहीत.

मी विचारलं, तर मैथिली हसली. "आई, रांगोळी काय कुणाच्या मालकीची असते? मावशी तरी रोज पुसतेच की."

तू नमस्कार करून पुसतेस, हे तिनं लहानपणी तुझ्याशेजारी बसून पाहिलं होतं. मी तिचं पान वाढलं.

ताई, या चैत्रातही काढ. फोटो मात्र कुणालाच पाठवू नकोस, मलाही नाही. मी येऊन बघेन.

तुझीच,
कुमुद