नेवाडातील शेजारी

चौसाळा, ता. ८ फेब्रुवारी १९१३

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥

चिरंजीव मन्मथप्पा यास रुद्रप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी वहिनी शिवम्मा गेल्याचे माझे पत्र तुला पोचण्याआधीच तू तिला लिहिलेले पत्र येथे आले. आजवर तुझी पत्रे ती वाचून दाखवी आणि मी ऐके. हे मला स्वतः वाचावे लागले, आणि ते मला पटले नाही.

तू लिहितोस की अमेरिकेतील नेवाडा संस्थानात तुझ्या दाराशी शेजाऱ्यांची दाटी असते. सायंकाळी ओट्यावर बसावयास जागा पुरत नाही. मी भूगोलाचे नवे पुस्तक काढून पाहिले. नेवाडा निजाम सरकारच्या सबंध मुलखाहून मोठे. वस्ती अवघी ब्याऐंशी हजार. चौरस मैलास पुरता एक माणूसही पडत नाही. आपल्याकडे तेवढ्याच जागेत दीडशेहून अधिक. तू वर्णिलेली गर्दी ऱ्होड आयलंड या तिकडच्याच दुसऱ्या संस्थानाला शोभते. ते आपल्या बीड जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाही, परंतु तेथे चौरस मैलास पाचशे माणसे. सबब तू तेथे राहतोस आणि पत्रे दुसऱ्याकरवी नेवाडातून टाकवितोस, असा माझा तर्क आहे.

कशासाठी? गावातला राधाकिशन आपल्या दुकानात येऊन सर्वांदेखत म्हणाला की, पोरानं तिकडं गोरी बायको केली, लेकरं बी झाली असतील. मी त्यास बाहेर काढले. त्याचे म्हणणे मात्र मनातून जाईना. तुझी वाग्दत्त वधू गंगासागर तीन वर्षे थांबली आहे. तिला अठरावे सरत आले. वैशाखापर्यंत खरे कळव. अन्यथा मी तिच्या वडिलांस दिलेला शब्द परत घेईन.

कळावे. आशीर्वाद तूर्त तसेच आहेत.

रुद्रप्पा

नेवाडा, ता. २२ मार्च १९१३

तीर्थस्वरूप अण्णांस मन्मथप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे आकडे बरोबर, तर्क चूक. मी नेवाडातच आहे आणि शेजारी एकही नाही. दोन हजार मेंढरं, एक कुत्रं आणि मी. पंधरवड्यातून एकदा एक माणूस शिधा टाकून जातो. त्याची भाषा मला येत नाही.

वहिनी दर पत्रात एकच विचारायच्या की, बाबा, तुला बोलायला कोण हाय? खरं लिहिलं असतं तर त्यांना घास गेला नसता. म्हणून चौसाळ्याचीच माणसं इथं आणून बसवली, सटवा, राधाकिशन, सगळी. नावं तेवढी गोरी दिली. राधाकिशनला सांगा, लेकरं नाहीत, मेंढरं आहेत.

बायको नाही, अण्णा. असती तर तिच्याशीच बोलत बसलो असतो. रागवा, पण लिहीत जा.

आपला मन्मथप्पा

चौसाळा, ता. ६ मे १९१३

चिरंजीव मन्मथप्पा यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी संशय घेतला ही माझी चूक. ती लेखी कबूल करतो. पत्र घेऊन गंगासागरच्या घरी गेलो. तिच्या वडिलांस दोन्ही संस्थानांचे आकडे समजावून सांगितले. ते मान डोलवीत राहिले. मुलीने आतून आईकरवी एवढेच विचारविले की, माणूसच न्हाई तर ते तिथं राहतेत कावून?

संस्थानांची तुलना करताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता, आणि असे प्रश्न विचारणारी आपल्या घरात आता कोणी उरली नाही. उत्तर तिला तू स्वतः येऊन दे. बोटीची तारीख तेवढी कळव. मुंबईस धक्क्यावर मी उभा असेन.

तुझी वाट पाहणारा,
रुद्रप्पा